नावामागचा फोटो

मी एक जुना फोटो आहे. मित्रांनो, जुना म्हणजे पिवळा पडलेला, कोपरे दुमडलेला नव्हे. मी मोबाइलमधला फोटो. मला काळाने नाही, माणसाने फिकं केलं.

माझ्यात भिवराबाई आहेत. उमापूरच्या, दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या. फोटो काढायचा म्हटलं की त्या पदर तोंडावर ओढायच्या. आधारकार्डावर त्यांचा एक चेहरा आहे, पण तो त्यांच्या घरचेही ओळखत नाहीत! गावचे पुढारी आप्पाराव यांच्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी ऊसतोड बाईचा फोटो हवा होता, म्हणून लेकीने, करिष्माने, त्यांना कसंबसं राजी केलं. भिवराबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, हातात कोयता धरला आणि ऐन वेळी त्यांना हसू फुटलं. तेवढ्यात मी जन्मलो. मी लई झकास निघालो होतो, अगदी डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसकट.

करिष्मा मला घेऊन बॅनरच्या दुकानात गेली. दुकानदार रामहरीने मला तिच्या फोनमधून कॉम्प्युटरात घेतलं. आप्पाराव शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"बाईला जरा मागं घे बे," ते म्हणाले. "नाव उठून दिसंना माझं."

रामहरीने मला फिकं केलं.

"आजून."

लुगड्याचा हिरवा रंग गेला, कोयत्याची धार गेली, हसू तेवढं धुरकट राहिलं. मग माझ्या तोंडावर ठसठशीत लाल अक्षरं बसली, 'कष्टकऱ्यांचे कैवारी आप्पाराव'. कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा फोटो होता. तो मात्र कुणी फिका केला नाही हो!

आणि रामहरीने घात केला. कॉम्प्युटर भरतो म्हणून त्याने मूळ फोटो वेगळा ठेवला नाही. अक्षरांसकट सगळं एक करून माझ्याच जागी सेव्ह केलं. एक बटण दाबलं आणि मी संपलो.

बॅनर चौकात लागलं. भिवराबाई बघायला आल्या.

"मी कुठं हाय गं यात?"

"ही काय आई, नावाच्या मागं."

"आगं बया! धुक्यात उभी केली का मला?" म्हणत त्या खळखळून हसल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऊसतोडीच्या त्याच हंगामात करिष्माचा फोन ट्रॉलीच्या चाकाखाली गेला आणि त्यातला मूळ फोटोही गेला. पुढच्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना भिवराबाईंचा पाय घसरला. त्या परत उठल्या नाहीत.

दहाव्याला आईचा फोटो ठेवायचा म्हणून करिष्मा धावत दुकानात आली. रामहरीने मला उघडलं आणि तो खाली बघू लागला. त्याने मला गडद केलं, तर नुसते डाग वर आले. अक्षरं खोडली, तर तिथे डोळेच उरले नाहीत.

"ताई, दुसऱ्या बाईचे डोळे बसवून देतो. कुणाला कळायचं न्हाई."

"मला कळंल ना!" करिष्मा ओरडली. "परक्या बाईला हार घालू का मी आईच्या दहाव्याला?" आणि ती तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडली. मी पडद्यावर होतो, तिच्या समोर. माझ्याजवळ तिला दाखवायला तिच्या आईचे डोळे नव्हते.

रामहरीला मात्र वाटलं, काहीतरी हाती द्यावं. मी होतो तसाच त्याने मला कागदावर छापून दिलं. दहाव्याला करिष्माने मला पिशवीतून आणलं, पण बाहेर काढलं नाही. पाटावर नुसता हार ठेवला. पांढरेशुभ्र कपडे घालून आप्पाराव आले, हात जोडून उभे राहिले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "आईचा फोटो कावून न्हाई ठेवला गं?"

मित्रांनो, फोटो फिका करायचाच असेल, तर आधी मूळ फोटो बाजूला जपून ठेवा. एवढं माझं ऐका. आणि दुसऱ्याला फिकं केल्याशिवाय तुमचं नाव उठून दिसत नसेल, तर ते नाव लिहूच नका.

करिष्माने मला पिशवीतून काढलं आणि आप्पारावांच्या हातात दिलं.

"हा घ्या," ती म्हणाली. "तुमचं नाव लई ठळक आलंय. आई सापडती का बघा."