फौजदाराची अर्धी दाढी

मित्रांनो, मी एक जुना वस्तरा आहे. ज्या इंग्रज सरकारपुढे भल्याभल्यांच्या माना वाकल्या, त्याला या गावात पहिला धक्का मी दिला, असं लोक मानतात. खरी गोष्ट इतकीच की त्या दिवशी मी एका गालापर्यंत गेलो आणि थांबलो. पुढचा सगळा इतिहास मी न केलेल्या कामामुळे घडला.

माझा जन्म त्याच सरकारच्या देशातला. तिथल्या एका कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, पाणी दिलं, काळी मूठ बसवली आणि जहाजात घातलं. त्या अर्थानं साहेब आणि मी एकाच गावचे. फरक एवढाच की मी इथं येऊन काम केलं.

मला घेतलं ते बाजारपेठेतल्या वस्तादांनी. वस्ताद हे त्यांचं नाव नव्हे. न्हाव्याच्या धंद्यात हात इतका साफ की सगळे त्यांना वस्ताद म्हणत, आणि त्यांनाही ते पटलेलं होतं. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी बाक आणि खिळ्याला टांगलेला चामड्याचा पट्टा. त्या पट्ट्यावर मला रोज सकाळी खालीवर फिरवलं की मी कामाला तयार. "माझ्या हातून आजवर रक्ताचा टिपूस निघालेला नाही," हे वाक्य वस्ताद प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक हो म्हणायचं. गळ्याशी मी असताना दुसरं काय म्हणणार?

मला पहिल्यापासून माणसांच्या गळ्यांबद्दल फार कुतूहल. तोंडानं माणूस काहीही बोलतो, पण गळ्यातला आवंढा लपत नाही. सावकाराचा गळा, शाळामास्तरांचा गळा, टांगेवाल्याचा गळा, सगळे मी जवळून पाहिले. फौजदाराचाही. तो रोज सकाळी यायचा, खुर्चीत रेलायचा आणि डोळे मिटून मान मागे टाकायचा. ज्याला अख्खं गाव घाबरायचं, तो माणूस डोळे मिटून इतका निवांत कसा बसतो, याचं मला नवल वाटे. पुढे कुणीतरी वस्तादांना विचारलंही, "अहो, रोज त्याचा गळा तुमच्या हातात होता, कधी मनात नाही आलं?" वस्ताद रागावले. म्हणाले, "गिऱ्हाईक होतं ते!"

मग परदेशी मालावर बहिष्कार टाकायचे दिवस आले. चौकात कपड्यांची होळी झाली आणि काही मंडळी माझ्यासाठीही आली. "वस्ताद, हा वस्तरा परदेशी आहे. टाका आगीत."

"टाकतो," वस्ताद म्हणाले. "तुम्ही देशी आणा, आधी त्यानं तुमची दाढी करतो, मग हा टाकतो."

त्यांनी लोहाराकडून एक घडवून आणला. पुढारी स्वतः खुर्चीत बसले. दोन हात झाल्यावर ते उठले, गाल चोळत म्हणाले की चळवळीपुढे याहून तातडीचे प्रश्न आहेत. तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर परदेशी कापडाच्या दुकानासमोर माणसं रस्त्यात बसून राहिली. उठा म्हटलं तर उठेनात. फौजदारानं लाठ्या चालवल्या. दुपारी डॉक्टरांचा निरोप आला, वस्ताद, वस्तरा घेऊन या. टाके घालायचे तर जखमेभोवतीचे केस काढायला हवेत.

दवाखान्याच्या ओसरीवर माणसं ओळीनं बसली होती. मी आयुष्यभर गाल पाहिले होते. त्या दिवशी डोकी पाहिली. रक्तानं केस एकमेकांना चिकटले की साबणाचा फेस होत नाही, हे मला तेव्हा कळलं. ओळीत वस्तादांचे मेव्हणे होते, तेच शाळामास्तर. भांगाच्या बाबतीत ते फार काटेकोर.

"भाऊजी," ते डोळे मिटून म्हणाले, "भांगाला धक्का लावू नका."

"भांग फौजदारानं पाडलाय नवीन," वस्ताद म्हणाले. "तू हलू नकोस." मेव्हणे हसले आणि हसता हसता कळवळले. वस्तादांचा हात अजिबात हलला नाही. नंतर मला धुताना मात्र पाण्याचं भांडं त्यांच्या हातून पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार नेहमीसारखा आला. बाकावर बसलेले लोक उठून बाहेर गेले. वस्तादांनी टॉवेल गुंडाळला, फेस लावला आणि डावा गाल करायला घेतला. सवय ही मोठी गोष्ट आहे. डावा गाल गुळगुळीत झाला. मी हनुवटीकडे वळत होतो, तेवढ्यात फौजदार डोळे न उघडता म्हणाला, "झालं की खांदा जरा दाबून दे रे. काल हात फार चालवावा लागला."

मी जागच्या जागी थांबलो. वस्तादांनी मला पुसलं, मिटलं आणि फळीवर ठेवलं.

"झाली, साहेब."

"झाली? अरे, हा गाल?"

"माझाही हात दुखतोय कालपासून. मीही पुष्कळ चालवला."

"कुठं?"

"तुम्ही जिथं चालवलात तिथंच. तुमच्या मागोमाग."

फौजदारानं डोळे उघडले. आरशात त्याला आधी वस्ताद दिसले आणि मग उजव्या गालावर सुकत चाललेला फेस. मित्रांनो, त्या क्षणी त्याच्या गळ्यातला आवंढा मी फळीवरून पाहिला.

तो टॉवेल तसाच गालाला लावून शेजारच्या दुकानात गेला. आता न्हाव्यांच्या धंद्यात एक रीत आहे. एकानं सुरू केलेली दाढी दुसऱ्यानं पुरी करायची नाही. ही रीत खरीच आहे, पण ती होती भांडून मध्येच उठणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी, आणि एरवी तिच्याकडे फारसं कुणी बघत नसे. त्या दिवशी गावातल्या एकूण एक न्हाव्याला ती आठवली.

"अर्धी वस्तादांच्या हातची आहे, साहेब. आम्ही कशी शिवणार?"

"मी हुकूम देतोय!"

"हुकूम शिरसावंद्य. पण धंद्याची रीत आहे हो. तुम्हीच सांगा, तुमच्या हद्दीतला चोर दुसरा फौजदार पकडतो का?"

बाजारात तोवर बातमी फुटली होती. भाजीवालीनं त्याला एका बाजूनं सलाम केला, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूनं नीट बघून घेतलं. टांगेवाला मोठ्यानं म्हणाला, "साहेब निम्मे आपल्यात आले वाटतं!" त्यावर कुणीतरी विचारलं, "पण दाढीवाली बाजू आपली का बिनदाढीची?" यावर बाजारात दोन तट पडले. ज्या गावानं लाठीला उत्तर दिलं नव्हतं, ते गाव हसत होतं, आणि हसणाऱ्यांवर लाठी कशी चालवायची हे फौजदाराला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्यात दुसऱ्याच दिवशी गोरे साहेब तपासणीला येणार होते. तेच न्यायनिवाडाही करायचे. फौजदार शिपाई घेऊन परत आला. दाढी अर्धी सोडणं हा गुन्हा कुठल्याच कलमात सापडेना. मग त्याची नजर माझ्यावर गेली. धारदार शस्त्र बाळगल्याबद्दल वस्तादांना पकडलं आणि मला फडक्यात गुंडाळलं. दारात वहिनी, म्हणजे वस्तादांच्या बायको, उभ्या होत्या.

"न्हाव्याच्या घरी वस्तरा नाही तर काय नांगर असणार?" त्यांनी विचारलं. शिपायानं मान खाली घातली. तोही तिथलंच गिऱ्हाईक.

अशा रीतीनं मी मुद्देमाल झालो. मुद्देमालाला कुणी मत विचारत नाही. चौकीतल्या टेबलावर पडल्या पडल्या मी पाहिलं, की दुपारी सगळे पेंगत असताना फौजदारानं दार लोटलं, हवालदाराच्या हातात आरसा दिला आणि मला उघडलं.

"साहेब, पट्ट्यावर घासलेला नाही तो," हवालदार म्हणाला.

"गप्प बस. आरसा सरळ धर."

"आणि जरा तिरपा धरा, म्हणजे..."

"तू न्हावी आहेस का?"

"नाही साहेब."

"मग?"

मित्रांनो, मला धार असते, डोकं नसतं. ज्याच्या हातात असेन त्याच्या अकलेनं मी चालतो. फौजदारानं मला लाकूड तासावं तसं ओढलं. गाल जेमतेम निम्मा निघाला आणि हनुवटीवर आडवी चीर पडली. रक्त माझ्या मुठीपर्यंत आलं. हवालदारानं आरसा खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी गोरे साहेब आले. त्यांनी फौजदाराच्या हनुवटीची पट्टी पाहिली, टेबलावर रक्तानं माखलेला मी दिसलो, कोठडीत न्हावी दिसला. "यानं केलं?" त्यांनी विचारलं.

फौजदार काहीच बोलला नाही. हो म्हणाला असता तर खोटं ठरलं असतं, नाही म्हणाला असता तर हसू झालं असतं. त्याच्या गप्प बसण्याची फिर्याद झाली. शस्त्र बाळगण्याचा आरोप बाजूला पडून सरकारी अंमलदाराचा गळा कापण्याचा प्रयत्न, असा नवा आरोप लागला. याला वर्षानुवर्षांची शिक्षा होती.

निवाड्याआधी वकील कोठडीशी आले, सोबत वहिनी. वकील म्हणाले, "सोपं आहे. दाढी करताना हात सुटला म्हणायचं. अपघात. थोडा दंड होईल, संध्याकाळी घरी."

"माझा हात सुटला म्हणू?" वस्ताद गजांशी आले.

"नुसतं म्हणायचं."

"भर कोर्टात?"

"म्हणा की हो!" वहिनी म्हणाल्या. "चार शब्द बोलल्यानं काही हात झडत नाही. दुकान बंद आहे, घरात तुमच्याशिवाय करमत नाही, आणि दादाचं डोकं अजून ठणकतंय. घरी या."

वस्तादांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "मी घरी आलो, दुकान उघडलं," ते म्हणाले, "तर ज्याचा हात सुटतो त्याच्यापुढे मान कोण टाकणार? तूच सांग."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "देशासाठी चाललेत म्हणावं लोकांना, तर हे हाताचं घेऊन बसलेत," त्या वकिलांना म्हणाल्या. मलाही अजून कळलेलं नाही, मित्रांनो, की त्या दिवशी ते नेमके कशासाठी अडून बसले. मी पुष्कळ विचार केला. एकाच हातात दोन्ही गोष्टी असाव्यात.

कोर्टात अख्खा बाजार लोटला होता. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल?

"नाही. आणि ती जखमही कबूल नाही," वस्ताद म्हणाले. "तो माझा हात नव्हे. साहेब, वस्तरा द्या, इथंच उरलेला गाल करून दाखवतो. मग दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा."

साहेबांनी फौजदाराकडे पाहिलं. डावीकडे नुकतेच खुंट फुटलेले, उजवीकडे अर्धवट नांगरलेलं शेत आणि खाली पट्टी. क्षणभर मला वाटलं, त्यांना कळलं. पण गळा कापू पाहणाऱ्या आरोपीच्या हातात शस्त्र देता येत नाही, हा नियम होता. त्यामुळे आरोपीनं गळा कापला नाही हे सिद्ध करण्याचा एकमेव पुरावा घेता आला नाही.

"मग जखम कुणी केली?"

वस्तादांनी फौजदाराकडे पाहिलं. फौजदारानं छताकडे. हवालदारानं भिंतीकडे, त्याला तिची सवय झाली होती.

"ज्यानं कुणी केली," वस्ताद म्हणाले, "त्याला अजून बरीच वर्षं शिकावं लागेल."

सगळं कोर्ट खो खो हसलं. फौजदाराची पट्टी लाल झाली. साहेबांनी वस्तादांना दोन वर्षं सक्तमजुरी दिली. ते तुरुंगात गेले, आणि गावातल्या सगळ्या न्हाव्यांनी सरकारी माणसांच्या दाढ्या बंद केल्या. कचेरीत कारकुनांच्या दाढ्या वाढल्या, शिपायांच्या वाढल्या. महिन्याभरात परगावची माणसं कचेरी बघून मठ समजू लागली.

वस्ताद सुटून आले तेव्हा स्टेशनपासून मिरवणूक निघाली. मी तेव्हा कोर्टाच्या मालखान्यात होतो, पण चौक खिडकीखालीच होता. पुढाऱ्यांनी भाषण केलं, "ज्या हातानं फौजदाराच्या हनुवटीवर वार केला, त्या हाताला माझा प्रणाम!"

"नाही केला!" वस्ताद ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढा शूर माणूस आणि केवढा विनय!

"अहो, ती जखम माझी नाही!" टाळ्या आणखी वाढल्या.

"भाऊजी, असू द्या," मेव्हणे म्हणाले. "लोकांना आवडतंय."

"कुणाचं चुकलेलं गणित तुझ्या नावावर खपवलं तर चालेल तुला?"

मेव्हण्यांनी भांगावरून हात फिरवला.

पुढे इंग्रज गेले. फौजदारानं चीर झाकायला राखलेली दाढी त्याला शोभून दिसली आणि तो नव्या सरकारातून पेन्शनीत निघाला. मला मालखान्यातून काढून संग्रहालयात ठेवलं. खाली पाटी आली: 'याच वस्तऱ्याने फौजदारावर वार केला.' वस्ताद म्हातारपणी काठी टेकत आले आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "हे खोडा."

"आजोबा, खोडलं तर मुलं बघायला काय येतील?"

"निदान वाईट हातानं केला एवढं तरी लिहा."

अधिकारी हसला. वस्तादांनी काचेतून मला पाहिलं. "कोरडा पडलाय," ते म्हणाले, आणि गेले.

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच. हत्यार कुठलंही असो, काम झालं की पुसावं, तेलाचं बोट फिरवावं आणि मिटून ठेवावं. मी संग्रहालयातही तेल मागवलं असतं. पण तेल हा जिन्नस सरकारी नियमात स्वयंपाकघराच्या खर्चाखाली येतो, आणि संग्रहालयाला स्वयंपाकघर नाही.