मुळातला आवाज

आमच्या दुकानात एक वाक्य कायम तयार असायचं: "मूळ डिस्कच तशी आहे." चित्र अडखळलं, रंग विटले, मधलाच एखादा प्रसंग गायब झाला, की नवरा आतल्या टेबलावरून माझ्याकडे बघायचा आणि मी काउंटरवरून ते वाक्य गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. बऱ्याचदा ते खरंही असायचं. लोक डिस्क कुठेही ठेवतात. कुणी गाडीत उन्हात, कुणी औषधांच्या डब्यात. त्यामुळे खापर फोडायला डिस्कचं डोकं नेहमी हाताशी असे, आणि ती बिचारी उलटून बोलत नसे.

काम तसं सरळ आहे. लोकांकडे सिनेमांच्या जुन्या डिस्क असतात, पण त्या लावायचं यंत्र घरात उरलेलं नसतं. नवरा आधी डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवतो. ती कच्ची प्रत. मग तिच्यातून फोनवर, टीव्हीवर चालेल अशी आटोपशीर फाइल बनवतो. या कामाचा त्याला भारी अभिमान. कुणी चूक काढली तर त्याच्या नाकाचा शेंडा आधी लाल होतो आणि मग तो बोलायला लागतो. मी त्यावरून त्याला चिडवते. पण गिऱ्हाइकासमोर मात्र मी कायम त्याच्याच बाजूची.

त्या बाई भाचीला घेऊन आल्या तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. किडकिडीत अंगाच्या, गळ्याभोवती मऊ रुमाल. घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज गेला होता. उरली होती ती कुजबुज. तीसुद्धा जवळ कान नेला तरच ऐकू येई. म्हणून बोलण्याचं काम भाचीकडे होतं, आणि भाचीला बोलायची हौसही होती.

"मावशी सिनेमांत आवाज द्यायची," ती म्हणाली. "पडद्यावर तोंड दुसरीचं, बोलणं हिचं. नाव कुठेच नाही. त्यातले दोनच सिनेमे आमच्याकडे राहिलेत."

"छान की!" मी म्हणाले.

"छान कसलं? तिचं काम बंद पाडलं एकानं. रेकॉर्डिंग करणारा होता. म्हणाला, चढ्या आवाजात तुमचा गळा खरखरतो, माइकला सोसत नाही. आणि तेच सगळीकडे सांगत सुटला. मावशी सांगते, तिनं चारचौघांत त्याची चूक दाखवली होती, त्याचा राग त्यानं असा काढला."

बाईंनी मान हलवली. किती वेळा सांगून झालेली गोष्ट असेल ती, तरी त्यांचे डोळे भाचीच्या तोंडाकडे लागले होते, कुठे शब्द इकडचा तिकडे होतो का बघत.

"आता घरातली पोरं मावशीची थट्टा करतात," भाची म्हणाली. "म्हणतात, आजी, तुझा आवाज इतका भारी होता, मग तुला काढलं का? म्हणून येत्या रविवारी सगळ्यांना बसवून ऐकवायचंय. एकदाचा निकाल लागू दे."

बाईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी काउंटरवरून वाकले. "एकात शेवटाकडे ती बाई दार बडवते," त्या कुजबुजल्या. "तो प्रसंग नीट येऊ दे."

तोच प्रसंग नीट येईना. बाकी सिनेमा स्वच्छ. कुणी हळू बोललं, पावलं वाजली, कपबशी ठेवली, सगळं कसं लखलखीत. आणि ती दार बडवून ओरडायला लागली, की आवाज पत्र्यावर खडे ओतल्यासारखा चरचरायचा. शब्द कळत, पण कान मिटून घ्यावेसे वाटत. दुसऱ्या सिनेमात भांडणाचा प्रसंग होता, तिथेही तेच.

नवऱ्यानं डिस्क मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. वेग कमी करून पुन्हा उतरवली. मग सॉफ्टवेअरच बदललं, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं काम काय केलं असेल, तर आपल्या नेहमीच्या सेटिंग तशाच्या तशा भरून टाकल्या. दर खेपेला फाइल तयार व्हायची, दर खेपेला दारापाशी तीच चरचर. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

"नुसती डिस्क प्लेअरवर लावून ऐक ना," मी म्हणाले.

प्लेअर होता आमच्याकडे. प्रिंटर बुटका पडत होता म्हणून त्याच्याखाली घातला होता.

"आता तो प्रिंटर हलवा, वायरी शोधा! इतक्या परीनं तपासलं, कमी आहे का?" नाकाचा शेंडा लाल झाला. "डिस्कच तशी आहे. रेकॉर्डिंगच तसं झालंय."

प्रिंटर जड आहे हे मलाही माहीत होतं.

शनिवारी बाई आणि भाची आल्या. मी पेनड्राइव्ह पुढे केला. नवरा आतून बाहेर आलाच नाही, माझ्याकडे नुसतं बघितलं.

"बाकी सगळं छान आलंय," मी म्हणाले. "चढ्या आवाजाच्या जागी जरा फाटतोय. मूळ डिस्कच तशी आहे."

बाईंनी भाचीचा दंड धरला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या.

"मावशी विचारतेय, मुळातच का? की डिस्क खराब झालीय?"

इथे मला थांबता आलं असतं. 'माहीत नाही' एवढे दोन शब्द पुरले असते. तेवढ्यात नवरा आतून म्हणाला, "डिस्कवर एक ओरखडा नाही. रेकॉर्डिंग करतानाच तसं झालेलं दिसतंय." आणि मी म्हणाले, "हो, मुळातच."

मला तेव्हा उमगलं नाही असं सांगायला आवडलं असतं. पण उमगलं होतं. बाईंच्या तोंडावरचा रंग उतरला आणि त्यांचा हात आपसूक गळ्यावरच्या रुमालाकडे गेला, तेव्हाच मला कळलं की मी आत्ता त्या रेकॉर्डिंगवाल्याच्या बाजूनं साक्ष दिली. तरी मी पेनड्राइव्ह छोट्या पिशवीत घातला, पिशवी त्यांच्या हातात ठेवली आणि "सांभाळून जा हं" म्हणाले. माझ्या त्या 'हं'ची मला अजून लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात एक नाटकवाला आला. हौशी मंडळींच्या प्रयोगाच्या डिस्कची फाइल आम्ही त्याला करून दिली होती. टाळ्या पडल्या की कढईत मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं, अशी त्याची तक्रार होती. मी तोंड उघडलं आणि सवयीनं वाक्य बाहेर आलं. हा गडी तयारीचा होता. त्यानं पिशवीतून स्वतःचा प्लेअर काढला, आमच्याच स्क्रीनला जोडला आणि डिस्क लावली. टाळ्या स्वच्छ होत्या. एकेक हात वेगळा ऐकू येत होता.

"आता सांगा, मूळ कुठे बिघडलंय?" तो म्हणाला. वाट बघत उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी मोबाइलमधून माना वर काढल्या. नवरा खाली मान घालून कीबोर्डकडे बघत राहिला.

तो गेल्यावर नवऱ्यानं सेटिंग उघडल्या. चूक शोधायला फार वेळ लागला नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. फाइल बनवताना आवाज किती वाढवायचा याची एक जागा असते. तिथला आकडा मोठा करून ठेवलेला होता. हळू बोलणं त्यानं खणखणीत होतं, पण जो आवाज मुळातच मोठा आहे त्याला वर जायला जागा राहत नाही. त्याचे शेंडे छाटले जातात आणि तो चरचरतो. तो आकडा वाढवायला लावला होता मी. फोनवर ऐकू येत नाही म्हणून लोक कुरकुर करायचे, आणि ती ऐकायला काउंटरवर मी असायचे. "वाढव ना जरा, काय बिघडतंय?" म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. वाढवल्यावर कुरकुर थांबली. दोघंही खूश झालो आणि विसरलो.

"बाईंची कच्ची प्रत आहे अजून?" मी विचारलं.

त्यानं फाइल शोधली आणि दाराचा प्रसंग लावला.

तो आवाज कसा होता हे सांगायला मी समर्थ नाही. मोठा होता, एवढा मोठा की काउंटरची काच थरथरली, पण खरखरीचा कुठे कण नव्हता त्यात. ओरडता ओरडता पडद्यावरची ती बाई एका शब्दावर खाली येते आणि दाराला नुसतं "उघड" म्हणते. आम्ही फाइलमध्ये तो शब्द कितीतरी वेळा ऐकला होता. या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यानं आवाज बंद केला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"फोन करून सांगूया का?" तो म्हणाला.

"तोंड आहे ना आपल्याला? तेच घेऊन जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून गेलो. दार भाचीनं उघडलं. आम्हाला बघून तिला आनंद झाला नाही.

"रविवारी ऐकवलं का सगळ्यांना?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ऐकवलं. पोरं हसली नाहीत, तेच जास्त वाईट झालं. मावशी मध्येच उठून आत गेली. नंतर त्या दोन्ही डिस्क तिनं कात्रीनं कापल्या आणि कचऱ्यात टाकल्या. म्हणाली, तो माणूस खरं बोलत होता, मी उगाच इतकी वर्षं त्याला शिव्या घातल्या."

आत बाई खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. आम्हाला बसा म्हणून खूण केली. नवऱ्यानं लॅपटॉप उघडला. चांगले स्पीकर आणले होते. एक शब्द न बोलता त्यानं प्रसंग लावला.

बाईंचे हात मटारात थांबले. शेवटच्या "उघड"पर्यंत त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी डोळे पुसले आणि हसल्या. इतकं मोकळं हसल्या की मला वाटलं, सुटलो. त्यांनी भाचीला जवळ ओढलं.

"मावशी म्हणतेय, मशीनवर किती छान केलंत. खरखर सगळी काढलीत."

"नाही हो बाई," नवरा म्हणाला. "आम्ही काही केलेलं नाही. हा तुमचाच आहे, डिस्कवर होता तसा. बिघडवला होता आम्ही."

"आवाज वाढवायला मी लावलं होतं," मी म्हणाले. "आणि त्या दिवशी खोटं बोलले. डिस्क आम्ही नुसती लावून ऐकलीसुद्धा नव्हती. तुमचा गळा कुठेच खरखरलेला नाही."

बाई आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग पुढे वाकून त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि या वेळी कुजबुज मला स्पष्ट ऐकू आली.

"माझ्यासाठी एवढं खोटं बोलू नका."

नवरा आकडे दाखवायला लागला, आलेख दाखवायला लागला. शेंडे कसे छाटले जातात ते बोटानं काढून दाखवलं. बाई मान हलवत राहिल्या, लहान मुलाचं चित्र बघावं तशा. डिस्क असती तर प्रिंटरखालचा प्लेअर उचलून आणला असता आणि तिथेच लावली असती. डिस्क नव्हती.

भाचीचे डोळे चमकत होते. ती विश्वास ठेवायला तयार दिसत होती. "मावशी, मी हे सगळ्यांना पाठवते. आत्ता पाठवते. पोरांना कळू दे."

बाईंनी तिचा फोन हळूच खाली केला. मटाराचं ताट बाजूला सरकवलं आणि ताठ बसल्या. पुढचं त्या आम्हाला ऐकू जावं म्हणून जोर लावून बोलल्या, प्रत्येक शब्दाला घशात दुखत असणार.

"नको. यांची कारागिरी आहे ती. माझ्या नावावर कशी खपवायची?"

मग त्या उठल्या आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.