डाव्या कानामागची बट

सलूनचं शटर अर्धं खाली ओढलेलं दिसलं की गल्लीला कळायचं, आज दोघा भावांपैकी एकाचा वाढदिवस आहे. त्या दिवशी गिऱ्हाईक नाही. धाकटा थोरल्याचे केस कापायचा, मग थोरला धाकट्याचे, आणि वर्षभर ओठांवर अडलेले टोमणे त्या खुर्चीत मोकळे व्हायचे.

धाकट्याचा टोमणा ठरलेला. "दादा, कानामागे परत बट ठेवलीस. जगाचे केस सरळ कापतोस, माझ्यावर आलं की हात वाकडा!"

"वय झालं रे," थोरला म्हणायचा. हे तो मिसरूड फुटल्यापासून म्हणत होता.

थोरला गेल्यानंतरचा हा त्याचा पहिला वाढदिवस. धाकट्याने सवयीने शटर अर्धं ओढलं खरं, पण कापायचे कोणाचे आणि कापणार कोण, याचा विचार केलाच नव्हता. दादा गेल्यापासून त्याने डोक्याला कात्री लावू दिली नव्हती. कारागिराचंच असं डोकं बघून नवीन गिऱ्हाईक दारातून मागे फिरायचं. जुनं गिऱ्हाईक आत येऊन बोलायचं, ते जास्त वाईट.

शेजारचा औषधवाला शटरखालून वाकून आत आला. स्वतःचं दुकान सोडून बाकी सगळ्या दुकानांवर त्याचं बारीक लक्ष.

"दादाची खुर्ची उद्या जाणार म्हणे?" त्याने चादरीखाली झाकलेल्या खुर्चीकडे हनुवटी केली.

"टेम्पो सांगितलाय."

"आणि बारकी?"

बारकी म्हणजे दादाची लेक. ती मागे टॉवेलच्या घड्या घालत होती, म्हणजे कान इकडेच. बापाच्या हाताखाली शिकली होती आणि तिला बापाचीच खुर्ची हवी होती. काकाला पुतणी नको होती असं नाही. त्या खुर्चीमागे दुसरं कुणी उभं राहिलेलं बघवणार नव्हतं, एवढंच. पण असं कोण बोलून दाखवतं?

"तिचा हात अजून तयार नाही," तो म्हणाला.

"मग बघ की! डोकं आहेच समोर. बिघडवून बिघडवून काय बिघडवणार?"

काकाने मनात मांडून पाहिलं. एकदा कापू द्यावं, चूक दाखवावी, विषय मिटवावा. नाही म्हणायला भक्कम कारण मिळत असेल तर डोकं देणं परवडलं.

"ये गं," म्हणत तो स्वतःच्या खुर्चीत बसला.

बारकीने गळ्याभोवती कापड बांधलं. केसाला लागण्याआधी हवेतच कात्री वाजवून घेतली. ही दादाची सवय. काकाचे डोळे आपोआप मिटले. मग आपण चूक शोधायला बसलोय हे आठवून त्याने ते उघडले. चूक काही सापडेना, तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्याने डाव्या कानामागे बोट नेलं.

"ही बघ बट!" आवाजात नको तितका आनंद. "बापाचीच चूक! म्हणून म्हणतो, हात तयार नाही."

बारकीने कात्री खाली ठेवली.

"अगं, मग काढून टाक की," औषधवाला म्हणाला.

"नको. बाबांनी सांगितलंय, काकाच्या तिथे कात्री लावायची नाही."

"का, ते नाही सांगितलं?"

"सांगितलंय. पण काकाला कळू द्यायचं नाही, हेही सांगितलंय."

काका आरशातून तिच्याकडे बघत राहिला. "आज त्याचा वाढदिवस आहे," तो हळूच म्हणाला. "आज काहीही बोललेलं चालतं."

तिने हातातला आरसा मागे धरला आणि बट वर उचलली. खाली एक पांढरी, वेडीवाकडी खूण होती.

"लहानपणी तू उंबऱ्यावर पडला होतास ना?"

"हो. दादानेच उचलून आईकडे नेलं."

"तू पडला नव्हतास, काका. बाबांनी आजोबांची कात्री घेऊन तुझे केस कापले होते. तू त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. रक्त बघून घाबरले, आणि तू पडलास म्हणून सांगितलं. घरच्यांना, आणि तुलाही. खूण दिसली असती तर ती कात्रीची आहे हे तुला लगेच कळलं असतं, म्हणून ही बट."

दादा मागचा आरसा नेहमी उजवीकडूनच का धरायचा, ते काकाला आत्ता कळलं. कारागिराने काय वाटेल ते ऐकून घ्यावं, पण हात वाकडा हे नाही. दादाने ते जन्मभर ऐकलं होतं.

"मला सांगितलं असतं तर मी काय त्याला खाणार होतो?"

"बाबा म्हणायचे, जन्मभर टोमणे मारत बसेल."

"म्हणजे टोमणे चुकवायला टोमणे खाल्ले!" औषधवाला म्हणाला, आणि काकाला हसू आलं. हसता हसता त्याने डोळे गळ्याभोवतीच्या कापडाला पुसले. कापडावरचे केस गालाला चिकटले, ते बारकीने झटकले.

त्याने बट बोटांनी नीट बसवली. मग उठला, दादाच्या खुर्चीवरची चादर ओढली आणि बैठकीवरून एकदा हात फिरवला.

"औषधवाल्या, तुझेही मानेवर आलेत. बस इथे."

"मी? अरे, तुझ्याच तोंडून ऐकलं, तिचा हात..."

"बस. बिघडवून बिघडवून काय बिघडवणार?"

औषधवाला कुरकुरत बसला. बारकी खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. हवेत कात्री वाजली. काका टेम्पोवाल्याला फोन लावायला बाहेर निघाला, पण शटरपाशीच वळला.

"आणि हे बघ, पुढच्या वेळी माझी बट जरा जास्त ठेव."