डोळे फुटायची वेळ

बर्फाच्या ओझ्यानं तारा तुटल्या आणि सकाळी दहाला प्रयोगशाळेतली वीज गेली. उबवणपेटीचा काटा अठ्ठावीसवरून सव्वीसवर आला.

पेटीत मेदाकाची तीस अंडी होती. भातखाचरातले ते इवलेसे मासे. या वाणाचे शेवटचे आईबाप कालच म्हातारपणानं गेले, उरलं ते एवढंच. यांच्यातला एक जनुक थंडीला भितो. दुसऱ्या दिवशी तो मेंदूच्या पुढच्या टोकाला जागा होतो, मग मेंदूच दोन्ही बाजूंना फुगतो आणि त्याचे डोळे होतात. गारठा लागला तर तो झोपूनच राहतो. बिनडोळ्यांच्या पिल्लाला खाणं सापडत नाही, वाण तिथंच संपतो. आज दुसरा दिवस होता.

प्रयोगशाळेचे प्रमुख उराकामीसर कानाझावा शहरात अडकलेले, रेल्वे बंद. फोनवर म्हणाले, "नाओएबाई, बारा वर्षांचं काम आहे. अंगाशी धरा. काखेत नको, शिजतील."

अंड्यांची बाटली आणि तापमापक दोन स्वेटरांच्या मध्ये खोचून मी शेजारच्या देवळात गेले. तिथं रॉकेलचे स्टोव्ह होते, आणि त्या दिवशी गाऊन सांगायचं प्रवचनही. एरवी त्यासाठी मी भात चुलीवर सोडून धावते. आज कानात शब्द शिरेना.

शेजारी बसलेल्या तोमेआजींनी माझं पोट बघून विचारलं, या वयात कितवा महिना. मागच्या बायका हसल्या. मी हळूच खरं सांगितलं.

बुवांनी आवाज चढवला, हरवलेल्या लेकराला आई हाका मारते तो भाग आला. सगळे रडत, हात जोडून अमिदा बुद्धाचं नाव घेऊ लागले. माझे हात बाटलीवर. काटा पंचविसावर. आमच्या पंथात त्याच्याकडे मागत नाहीत. त्यानं आधीच दिलेलं असतं, आपण आभार मानायचे. जन्मभर हेच ऐकत आले, आणि तरी मी पुटपुटत मागितलं. मागून झाल्यावर जास्तच भ्याले, की माझाच भरवसा तोकडा पडला.

आजींनी कंबरेला बांधलेली शेकाची गरम पुडी सोडली, रुमालात गुंडाळून माझ्या स्वेटरात सारली. "मागितलंस ना? असू दे. भ्यालेलं पोर मागतंच."

काटा हळूहळू सत्तावीसवर गेला.

तीनला वीज आली. जनुक जागा असेल तिथं सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकतं. पहिलं अंडं, काळोख. दुसरं, काळोख. तिसऱ्यात पुढच्या टोकाला दोन फिकट हिरवे फुगीर ठिपके. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. मग पुढची सगळी पाहिली आणि सरांना फोन लावला.

"डोळे?"

"फुटले, सर."

अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सगळ्यांचे गेले?"

"गेले नाहीत हो. बटाट्याला फुटतात तसे फुटले. एकोणीस जणांना."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. माझा एक हात अजून स्वेटरावरच होता, बाटली तर केव्हाच काढून पेटीत ठेवली होती.