दोनदा थोपटलं की सोडायचं

ज्युदो मंडळाचा अध्यक्ष दुकानात आला तो कागद फडकवतच.

दुकान म्हणजे एक शटर, एक पंखा, भिंतीला टेकवून ठेवलेले दगड आणि सगळ्यांवर पिठासारखी बसलेली धूळ. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, नव्या बंगल्यांच्या पाट्या इथं कोरल्या जायच्या. कोरणारी बाई एकच. तिला खरं नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. ज्युदोच्या हॉलमध्ये सरांनी तिला तेराव्या वर्षी ‘गोचीड’ म्हटलं आणि ते असं चिकटलं की पुढं तिचा नवराही तेच म्हणायला लागला.

“हे घे गोचीड. सरांची पाटी. रविवारी हॉलवर लागली पाहिजे. दगड मात्र एक नंबर हं.”

कागदावर सरांचं नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘राष्ट्रीय विजेता. ज्याने आयुष्यात कधीही हार मानली नाही.’

गोचिडीनं दोनदा वाचलं. “हे कुणी लिहिलं?”

“मी.” पहिला मुलगा झाल्यासारखा चेहरा करून अध्यक्ष म्हणाला.

“सरांनी कधी हार मानली नाही?”

“मग? विजेता होता माणूस!”

“अरे बाबा, पहिला महिनाभर सरांनी आपल्याला दुसरं काय शिकवलं? हार मानायलाच शिकवलं ना?”

“ते आतलं झालं. पाटी बाहेरच्यांसाठी असते.”

“आणि तुला तीन महिने बाकावर बसवलं होतं, तेही आतलंच का?”

अध्यक्षाचे कान लाल झाले. हॉल सरांनी उभा केला, घाम सरांनी गाळला, आणि आयत्या बिळावर हा नागोबा येऊन बसला होता. “सर गेले,” तो म्हणाला, “आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार? तू हात चालव. डोकं मी लावलंय.”

“दिसतंय ते.”

तो गेला. कागद तिनं पट्टीखाली दाबून ठेवला, पंख्यानं उडू नये म्हणून. उडाला असता तर बरं झालं असतं.

ज्युदोत मान किंवा हात पकडीत सापडला आणि सुटका दिसेना, की समोरच्याला दोनदा थोपटायचं. अंगावर, मॅटवर, जिथं हात पोचेल तिथं. म्हणजे पुरे, तू जिंकलास, सोड. हा नियम सगळीकडे आहे. पण सरांच्या हॉलमध्ये नव्या पोरांना महिनाभर दुसरं काहीच मिळायचं नाही. एकानं धरायचं, दुसऱ्यानं थोपटायचं, पहिल्यानं सोडायचं. शंभर वेळा. मग बाजू बदलून पुन्हा शंभर. आईबाप तक्रार घेऊन यायचे, “आम्ही काय पोरं हरायला पाठवलीत?” सर म्हणायचे, “हो. जिंकायला शिकवणारे पुष्कळ आहेत. तिकडं न्या.”

आणि सोडणाऱ्यानं दुसऱ्या थोपटीचा आवाज विरायच्या आत सोडायचं. क्षणभर उशीर झाला की बूट घाल, बाकावर बस, तीन महिने. अध्यक्ष तेव्हा हॉलमधला सर्वात दांडगा पोरगा होता. पोरींसमोर शेखी मिरवायला त्यानं एकाला श्वासभर जास्त धरला आणि बाकावर गेला. त्याचे वडील मोठ्या ओळखीचे होते. सरांनी वडिलांनाही त्याच बाकावर बसायला सांगितलं.

या नियमामागचं कारण सर वर्षातून एकदा सांगायचे. उभ्यानं, आवाज न चढवता.

“अंतिम सामना. त्याचा हात माझ्या पकडीत. त्यानं थोपटलं. मला कळलं. पंच पलीकडच्या बाजूला होते, त्यांना दिसलं नाही. माझ्या मनात आलं, पंच अजून बोलले नाहीत. एवढं मनात यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ. मग कोपराचा आवाज झाला. तो पंचांना ऐकू गेला. आणि मला सुवर्णपदक मिळालं.”

तो माणूस आता घड्याळं दुरुस्त करायचा. उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता. सर दरवर्षी त्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसून यायचे. पदक घरी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये होतं, सुतळी आणि जुन्या बॅटऱ्यांच्या सोबतीला. आणि अध्यक्ष म्हणतो, हार मानली नाही! अरे, त्या एका सामन्यात जिंकल्याची लाज माणसानं चाळीस वर्षं वाहिली.

गोचिडीचं दुखणं मात्र उलटं होतं. तिला सोडताच येत नसे. तेराव्या वर्षी तिनं कुणाची कॉलर धरली की पाना आणून सोडवावी लागेल अशी धरायची. सर म्हणाले, “ही गोचीड आहे. हिला धरायला काय शिकवायचं? हिला सोडायला शिकवलं पाहिजे.” दोन वर्षं रोज सरावानंतर त्यांनी स्वतःचा हात तिच्या पकडीत दिला. थोपटलं, सोड. थोपटलं, सोड. “मेंदूला विचारायला गेलीस की उशीर झालाच. बोटांना कळलं पाहिजे.” शेवटी बोटांना कळलं. सरांनी थोपटलं की तिची बोटं आपोआप उघडायची. पुढं कितीतरी वर्षं, अगदी परवापरवापर्यंत.

परवापर्यंत म्हणजे दवाखान्यातल्या त्या मंगळवारपर्यंत.

सरांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डावा हात तेवढा जिवंत. तो हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला होता. पलीकडच्या खाटेवर कुणी चमच्यानं पेला ढवळत होतं. सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांची बोटं वळली आणि तिच्या मनगटावर हळूच आपटली. दोनदा.

तिची बोटं उघडली.

इतकी स्वच्छ, इतकी झटकन की हॉलमध्ये असती तर सर ‘शाब्बास’ म्हणाले असते. त्यांचा हात चादरीवर पडला. ते बघतच राहिले. तेवढ्यात नर्स आली, “भेटायची वेळ संपली, ताई.” ती उठली, पिशवी घेतली, निघाली. जिन्यावर चौथ्या पायरीशी तिचे पाय थबकले. मी काय केलं? परत वर नर्सनं येऊ दिलं नाही. उद्या येते म्हणून ती घरी गेली, आणि पहाटेच सर गेले.

ते काय सांगत होते? पुरे? पाणी दे? तू जा आता? की बस जरा? जगातल्या कुणीही, ज्याला ज्युदोतलं ओ की ठो कळत नाही अशा कुणीही, तो हात आणखी घट्ट धरला असता. पण धरलेला होता तो नेमका तिनं. चिकटून राहण्यासाठी जिला नाव मिळालं, तिनं सोडून दिला. दोन महिने झाले. दगडावर छिन्नी ठेवली की तिला तो हात चादरीवर पडताना दिसायचा.

अध्यक्ष येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ती काकूंकडे गेली. काकू म्हणजे सरांची बायको. स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, आणि शोधत होत्या तोच. गोचिडीनं तो खाली ओढून डोळ्यांवर बसवला. काकूंनी कागद वाचला.

“मेल्या म्हशीला मणभर दूध,” त्या म्हणाल्या. “हार मानली नाही म्हणे! रोज रात्री माझ्याशी कॅरममध्ये हरायचे. आणि चिडायचे वर. सोंगटी हळूच सरकवायचे गं, विजेता!”

गोचीड हसली नाही. “काकू, एक विचारू? शेवटी शेवटी ते तुमच्या हातावर असं करायचे?” तिनं ओट्यावर दोनदा थोपटलं.

“करायचे की. दिवसातून दहादा. मला वाटायचं, धर म्हणतायत. मी आणखी घट्ट धरायचे.” मग तिचं तोंड बघून काकूंचा हात भाजीवरच थांबला. “का गं? काय असतं ते?”

लग्न झाल्यापासून काकूंनी हॉलमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. ‘तुमचा घाम तिकडंच ठेवा,’ एवढाच त्यांचा ज्युदो. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. गोचीड कुणाच्या बापाला न भिणारी बाई, पण इथं तिनं नजर ओट्याकडे वळवली.

“काही नाही, सवय असते.”

“फसवू नकोस. तुला जमत नाही ते. काय असतं?”

“सोड,” ती म्हणाली. “हॉलमध्ये त्याचा अर्थ सोड.”

काकूंनी भाजी बाजूला सारली. “म्हणजे ते सोड म्हणत होते, आणि मी आवळत होते.”

“मलाही थोपटलं होतं. मंगळवारी. मी सोडला. सोडला आणि निघून गेले, काकू. दोन महिने झोप नाही मला.”

मग काकूंना हसू फुटलं, डोळे गळत असतानाच. “काय मेला माणूस! सोडणारी रडतेय, धरून बसली तीही रडतेय. जाता जाता दोघींना एका डावात चीत करून गेला.” पदरानं चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “आता कुणाला विचारायचं गं?”

कुणाला विचारायचं? हॉलमध्ये काही अडलं की सरांना विचारायचं. आता सरांचंच अडलं होतं.

“पाटीवर काय कोरू?”

“हे थोतांड नको, एवढंच सांगते. ते रोज काय बोलायचे ते लिही. घरात तर रोज एकच बोलायचे, माझा रुमाल कुठाय.”

गोचीड त्याच दुपारी कामाला बसली. आरशासारखा काळा दगड काढला, पांढऱ्या पेन्सिलीनं अक्षरं आखली. दगडाला खोडरबर नसतो. एक कण जास्त उडाला की पाटी गेली. म्हणून छिन्नी कुठं थांबवायची हे हाताला कळावं लागतं, आणि ते तिला कुठल्या कोरीवकामवाल्यानं शिकवलं नव्हतं. तोंडावर फडकं, डोळ्यांत धूळ. चार दिवस ती कोरत होती. ‘विजेता’ हा शब्द तिनं आखलासुद्धा नाही.

रविवारी सकाळी हॉलबाहेर साठसत्तर माणसं जमली. पोटं सुटलेले जुने विद्यार्थी, ढगळ जॅकेटातली नवी पोरं. काकूंनी कापड ओढलं. अध्यक्षानं दगडाकडे न बघताच कागदावरून सुरू केलं, “या शिळेवर लिहिल्याप्रमाणे, ज्याने आयुष्यात कधीही...” मागून कुणीतरी फस्सकन हसलं. तेव्हा त्यानं वळून पाहिलं.

नाव. दोन सालं. आणि खाली एकच ओळ: ‘दोनदा थोपटलं की सोडायचं.’

“हे काय आहे? विजेता कुठाय?”

“ड्रॉवरमध्ये,” काकू म्हणाल्या. “सुतळीशेजारी.”

“गोचीड, ही पाटी आहे की कपडे धुवायच्या सूचना? मी उतरवणार ही!”

“उतरव. चारच स्क्रू आहेत. फक्त उतरवताना या पोरांना सांग, बाकावर तीन महिने का बसला होतास.”

नवी पोरं अध्यक्षाकडे मोठ्या आशेनं बघायला लागली. त्यानं कागदाची घडी घातली, मग घडीचीही घडी घातली.

गर्दी बाजूला सरकली. मागून एक म्हातारा पुढं आला. उजवा हात पोटाशी वाकडा. गोचिडीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. त्यानं नाक दगडाला लागेल इतकं जवळ जाऊन वाचलं, घड्याळाचं यंत्र तपासावं तसं.

“अक्षर चांगलं आलंय,” तो म्हणाला. “पण त्यालाच जमलं नाही हे. दरवर्षी येऊन बसायचा माझ्या दुकानात, तोंड पाडून. मी या हातानं त्याच्या गुडघ्यावर थोपटायचो. म्हणायचो, झालं, सोड आता. नाही सोडलं बेट्यानं.”

“काय म्हणायचे ते?” गोचिडीनं विचारलं.

“काही नाही. चहा पिऊन उठायचा. पुढच्या वर्षी परत हजर.”

हळूहळू सगळे पांगले. म्हाताऱ्याला घेऊन काकू घरी गेल्या, पदक दाखवते म्हणाल्या. अध्यक्ष केव्हा सटकला कळलंच नाही. हॉलचा दरवाजा उघडा होता. आत मॅटचा तोच वास, रबर आणि घाम आणि फिनेल. कुणी हाक मारणार नव्हतं. ‘ए गोचीड, बूट बाहेर.’ तिनं बूट काढून दाराशी सरळ रेषेत ठेवले, मग पाटीसमोर आली.

ऊन पडून दगड तापला होता, अंगाइतका. तिनं तळवा अक्षरांवर ठेवला. कोरलेल्या कडा बोटांना लागत होत्या. थोपटायचं मनात आलं. हात जरासा उचललाही.

थोपटलं की सोडायचं, हा सरांचा नियम. दगडावर कोरलेला. थोपटलं असतं तर सरांनी तिला लगेच सोडलं असतं, दुसरा आवाज विरायच्या आत.

तिनं हात परत दगडावर टेकवला. थोपटलं नाही.