सोलोची बादली

हँगरच्या भिंतीपाशी एक निळी प्लॅस्टिकची बादली रोज सकाळी भरून ठेवलेली असायची, आणि रोज संध्याकाळी ती शेजारच्या कडुनिंबाच्या रोपाला ओतली जायची. रोप चांगलंच माजलं होतं. शिकाऊ वैमानिक पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून सुखरूप खाली आला, की सोबत्यांनी त्याच्या डोक्यावर बादली उपडी करायची, अशी तिथली रीत. दीपमालाच्या तुकडीतले सगळे भिजून झाले होते. ललित तर दोनदा भिजला, एकदा सोलोचा म्हणून आणि एकदा उगाच. कोरडी राहिली होती ती एकटी दीपमाला.

शनिवारी तिला शिकवणाऱ्या वकार सरांनी विमानातून उतरल्यावर हेडसेट काढला आणि म्हणाले, "सोमवारी आखरी चेक. जमलं तं सोलो. नाई जमलं तं मले लिहून द्या लागते, का या पोरीले थांबवा." सर अकोल्याचे, ओरडणं त्यांना झकास जमायचं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळू बोलले.

बरं, हवेत ही पोरगी तुकडीत सगळ्यांत सरस. वळण घेताना उंचीचा काटा जागचा हलायचा नाही, रेडिओवरचं बोलणं खणखणीत. घोडं अडायचं ते शेवटी, जमीन जवळ आली की. तिथं विमानाचं नाक अलगद उचलायचं असतं, म्हणजे चाकं हलकेच टेकतात. दीपमाला ते फार आधी उचलायची. जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटायची आणि हात आपोआप मागं ओढला जायचा. मग विमान धावपट्टीच्या वर लटकायचं, वेग मरायचा, आणि सगळं धाडकन खाली. दर वेळी सरच हात घालून सावरायचे. "लांब पाय, लांब!" ते धावपट्टीच्या पार टोकाकडं बोट दाखवत घसा फोडून सांगायचे. "लांबच पाहते सर," ती म्हणायची. खोटं बोलत नव्हती बिचारी, तिला खरंच तसं वाटायचं.

धारणीला, घरासमोरच्या विहाराच्या कुंपणाला, तिच्या फोटोचा बॅनर लागून वर्ष झालं होतं. 'आमच्या वस्तीची पहिली पायलट.' आता तो उतरवायला कोण जाणार, या विचारानंच तिचं जेवण सुटलं होतं. खोलीत खुर्चीवर बसून, हातात लाटणं धरून, ती डोळे मिटून पुन्हा पुन्हा विमान उतरवायची. खुर्चीवर ते दर वेळी छान उतरायचं. त्याचाच तिला संताप यायचा.

रविवारी सकाळी तिचे वडील, पंजाबराव, आपली लाल ताडपत्रीची जीप घेऊन हजर. धारणी-परतवाडा घाटात प्रवासी वाहून त्यांचा जन्म गेलेला. तिनं फोनवर काही सांगितलं नव्हतं, पण आवाजावरून त्यांनी काय ते ओळखलं होतं. त्याच वेळी वकार सर फाटकापाशी बसस्टँडला जायला ऑटोची वाट पाहत उभे होते. त्यांची गाडी गॅरेजमध्ये, आणि घरी अकोल्याला जायचं होतं.

"जयभीम साहेब," पंजाबराव म्हणाले. "बसनं कायले जाता? आपली गाडी हाये ना. अन मी नाई, पोरगी हाकते. पाहा तं खरं, कशी चालवते थे!"

दीपमालाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बापाची हौस. सरांना पुढं बसवलं, पंजाबराव ऐटीत मागं बसले आणि जीप निघाली. तिनं गाडी चालवली मात्र झोकात. इतकुसा दगड असला तरी चाक त्याला वळसा घालून जायचं. मागून पंजाबराव दर थोड्या वेळानं "पायलं का साहेब?" म्हणत होते. सर पाहत होते, पण रस्त्याकडं नाही, तिच्या डोळ्यांकडं. मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा ते एकदम म्हणाले, "गाडी बाजूले घे."

तिनं घेतली.

"आत्ता जिनिंगच्या आवारात डोंगराएवढा कापूस पडला होता. दिसला?"

"नाई सर."

"रस्त्यावर काय काय दिसलं?"

तिनं धडाधड सांगितलं. डांबराचं ठिगळ, फुटकी बाटली, सांडलेली वाळू, रबराचा तुकडा. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं, तू लांब पाहतच नाईस! तुह्यं लांब म्हनजे बोनेटच्या पुढं दोन हात. इमान उतरवतानीही तू चाकापुढची जमीन पाहून राहिली. म्हनून थे अंगावर येते! कुनं लावली ही सवय?"

 मागून आवाज आला, "म्या लावली साहेब."

पंजाबराव सीटच्या कडेला सरकून बसले होते. "घाटात पानी पडलं का रातोरात खड्डे पडते. एक चाक गेलं का गाडी दरीत. बारावी झाल्यावर हिच्या हाती गाडी देली तवापासून रोज सांगतलं, चाकापुढची जमीन सोडू नको म्हनून." मग खांद्यावरच्या दुपट्ट्याशी चाळा करत ते म्हणाले, "मंग मीच हिच्या आड आलो म्हना ना."

"घाटात तुमी बरोबर हा, पंजाबराव," सर म्हणाले. पण अकोल्यापर्यंत पुन्हा कोणी "पायलं का" म्हटलं नाही.

परतताना पंजाबरावांनी गाडी घेतली. रोग कळला होता, पण त्यानं दीपमालाचा जीव आणखीच घाबरा झाला. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात कशी सुटायची? डोळ्यांना काय हुकूम सोडता येतो? बडनेरा आलं तशी ती रडायलाच लागली. "बाबा, मले नाई जमनार. माह्यं सामान गाडीत टाकू आन घरी जाऊ. बॅनर तुमीच उतरवजा, मले पाहवनार नाई."

पंजाबरावांनी गाडी कडेला घेतली. मग त्यांनी विचारलं, "धावपट्टीच्या पार त्या टोकाले काय हाये?"

"तारेचं कुंपन. त्याच्या मांगं गावाचा रस्ता."

"उद्या मी तठी गाडी घेऊन उभा राह्यतो. तू जमिनीकडं पाहू नको. माह्या ताडपत्रीकडं पाय."

सोमवारी खरंच तसं झालं. धावपट्टीपलीकडं, कुंपणाच्या मागं, लाल ठिपका दिसत होता. शेजारी सर बसलेले. दीपमालानं त्या ठिपक्यावर नजर खिळवली आणि विमान उतरलं. जरा धप्पकन, पण सरांना हात लावावा लागला नाही. दुसऱ्यांदा त्याहून बरं उतरलं. सरांनी विमान कडेला घ्यायला लावलं, पट्टा सोडला, खाली उतरले आणि दार लावता लावता म्हणाले, "जा बेटा. एक चक्कर."

शेजारची सीट रिकामी झाली. एका माणसाचं वजन कमी होताच विमान केवढ्या लवकर वर उचललं गेलं! ती एकटीच मोठ्यानं आकडे वाचत राहिली. शेवटचं वळण घेतलं, धावपट्टी समोर आली.

ताडपत्री नव्हती.

कुंपण होतं, रस्ता होता, विजेचा खांब होता. जीप नव्हती. आता नजर ठेवायची कुठं? जमीन वर येऊ लागली, डोळे खाली ओढ घेऊ लागले. बाबा कुठं गेले? काही झालं का त्यांना? खांबामागं असतील का? बाभळीखाली? ती कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रंग शोधत राहिली. हात आपलं काम करत होते, तिचं तिकडं लक्षच नव्हतं. बाबा, कुठं गेलात तुम्ही? आणि खालून चाकांची घरघर ऐकू आली तेव्हा तिला कळलं, की आपण केव्हाच टेकलो आहोत.

हँगरपाशी ललितनं आणि बाकीच्यांनी तिला खेचून बाहेर काढलं आणि निळी बादली डोक्यावर ओतली. ती हसत होती, रडतही होती, पाण्यात काही कळत नव्हतं. तेवढ्यात फाटकाकडून पंजाबराव धापा टाकत आले. तोंड उतरलेलं.

"पहारेकऱ्यानं हाकललं वं मले. कुंपनापाशी गाडी उभी नाई करता येत म्हने. लय हातापाया पडलो, आयकलं नाई त्यानं. तू एकटी वरतं होती, अन मी तठी नव्हतो, माय."

"मालूम हाये बाबा," ती म्हणाली. "चाकं टेकेपर्यंत तुमालेच धुंडून राहिली होती मी."

पंजाबरावांनी एकदा धावपट्टीच्या त्या टोकाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तिचं डोकं पुसायला लागले.