नूपुरचा उजवा डोळा

डॉक्टर नंदिनी बोलायला लागल्या आणि पहिल्या वाक्यालाच प्रशिकला कळलं, की बातमी आपल्यासाठी चांगली नाही. इतक्या वर्षांत डॉक्टरांचे आवाज त्याला ओळखू यायला लागले होते.

"तुम्हा दोघा भावंडांत एकच जनुक बिघडलेलं आहे," त्या म्हणाल्या. "त्याची चांगली प्रत आम्ही एका विषाणूत भरतो. तो विषाणू निरुपद्रवी केलेला असतो, त्याचं काम फक्त हमालाचं. डोळ्याच्या पडद्याखाली बारीक सुईनं औषध सोडलं, की तो ती प्रत पेशींच्या आत नेऊन ठेवतो. पण पेशी जिवंत हवी. नूपुरच्या अजून पुष्कळ आहेत. तुमच्या फार थोड्या उरल्यात, प्रशिक. सुईनं त्याही जातील."

"म्हणजे फक्त तिचं करायचं," प्रशिक म्हणाला.

"हो. आधी उजवा डोळा."

दोघांनाही लहानपणापासून दिवेलागणीनंतर दिसेनासं व्हायचं. पुढे प्रशिकला दिवसाही दिसेना. हिंगण्याच्या कारखान्यात पॅकिंगला होता, तिथून त्याला टेलिफोनवर बसवलं. या उपचाराची माहिती त्यानंच शोधून काढली होती. मोबाइलला बातम्या वाचायला लावून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा फोन करून. धाकटी नूपुर रामदासपेठेतल्या या दवाखान्यात यायची ती त्याला सोबत म्हणून. जनुकाच्या तपासणीसाठी भावानं रक्त दिलं म्हणून तिनंही दिलं होतं.

घरी आल्यावर नूपुरनं चप्पल भिरकावली. "मले नाही करायचं. दादाले नाही तर मले काहून?"

आई, मनकर्णाबाई, भिंतीला टेकून बसली होती. "माह्या पोटातूनच आलं न हे," ती पुटपुटली.

"बाबाकडूनबी आलं, आई. दोघांकडून एकेक आलं तवाच असं होते," प्रशिक म्हणाला. हेही त्यानं तिला कितीतरी वेळा सांगितलं होतं. मग तो नूपुरकडे वळला. "तू नाही म्हणशीन, तर मले पुन्हा धावपळ करा लागन. दोघांचंबी करन असा दुसरा दवाखाना, दुसरा डॉक्टर. मी थकलो वं आता. मले एवढ्यातून तरी मोकळं कर."

तो चिडून बोलला नव्हता, म्हणूनच बहुधा नूपुरला रडू आलं. ओढणीनं डोळे पुसत ती म्हणाली, "बरं."

ऑपरेशन झालं. डोळ्यात सोडलेला हवेचा बुडबुडा औषधाला जागेवर धरून ठेवणार होता, त्यासाठी तिला छताकडे तोंड करून पडून राहायचं होतं. पाठ दुखते म्हणून ती कुरकुरत होती. प्रशिक शेजारच्या स्टुलावर बसून तिला चमच्यानं पाणी पाजत होता. दोनदा पाणी गळ्यावर सांडलं.

"दादा, तुले माहा राग आला का गा?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "आला होता. डॉक्टरीणबाईच्या खोलीतच आला. मंग लाज वाटली. आता काहीच वाटून नाही राहिलं. झोप तेवढी येऊन राहिली."

पट्टी निघाली तेव्हा काही चमत्कार झाला नाही. डोळा लाल होता आणि उजेड टोचत होता. डॉक्टरांनी धीर धरायला सांगितलं. प्रशिक पुन्हा कंपनीच्या बसनं हिंगण्याला जाऊ लागला. डोळ्याचं काय, असं कोणी विचारलं की "बहिणीचं झालं" एवढंच सांगायचा.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी संध्याकाळी नूपुर मैत्रिणीकडून यायची होती. अंधार पडला. रोजच्यासारखं तिला आणायला जायचं म्हणून आईनं पायात चपला घातल्या, तेवढ्यात फाटक वाजलं.

"कोणाच्या संगं आली वं?" आईनं विचारलं.

"एकटीच आली. नालीवरची फरशी फुटली हाय, ते दिसली मले. कुत्रं झोपलं होतं, तेबी दिसलं. धूसरच हाय, पण दिसते, आई."

आई मोठ्यानं रडायला लागली. नूपुर प्रशिकजवळ येऊन बसली. ओसरीवर दिवा नव्हता. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असावी. तिचा श्वास त्याला अगदी जवळून लागत होता.

"काय पाहून राहिली?"

"तुह्या डोळ्याखाली किती काळं झालं गा, दादा."

आनंद झाला होता, हे त्याला कळत होतं. पण तो खूप खाली कुठंतरी होता, आणि त्याच्यावर वर्षानुवर्षांचा शीण साचला होता. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि आत जाऊन आडवा झाला.

जेवायला उठवायला आई आली तर नूपुरनं तिला दारातच थांबवलं. "राहू दे. झोपू दे त्याले."

तरी आईनं भाकर झाकून ठेवली. प्रशिकला ते सगळं ऐकू येत होतं, पण उठावंसं वाटेना. तो कुशीवर वळला.